हाड जुळलं, पण पाय दुखायचा थांबेना: अशा वेळी काय करायचं, टप्प्याटप्प्यानं

"एका बोटानं दाखवा, कुठं दुखतंय."

हा साधा प्रश्न मला पाय मोडल्यानंतर १४ महिन्यांनी पहिल्यांदा कुणीतरी विचारला. २०१६ च्या मे महिन्यात गावाकडच्या घराची कौलं परतायला चढलो होतो. आदल्या दिवशी वळीव होऊन गेलेला, शिडीखालची माती भुसभुशीत झालेली. शिडी सटकली आणि मी उभाच्या उभा उजव्या टाचेवर आलो. टाचेच्या हाडाचे तुकडे झाले. ऑपरेशन झालं, प्लेट आणि स्क्रू बसले, तीन महिने पाय टेकायचा नव्हता. पुढं वर्षभर प्रत्येक तपासणीत एक्स-रे खिडकीकडं धरून एकच वाक्य ऐकायचो, "हाड छान जुळलंय, आता काही प्रॉब्लेम नाही." आणि मी लंगडत रिक्षात बसायचो.

तेव्हा मला वाटायचं की दोघांपैकी कुणीतरी चुकतंय, एक तर डॉक्टर नाहीतर मी. खरं तर दोघांचंही बरोबर होतं. हाड जुळणं ही एक गोष्ट आणि दुखणं थांबणं ही दुसरी. पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात. त्यांच्याभोवती स्नायूबंध, नसा आणि टाचेखालची चरबीची गादी असते. मोठ्या मारात या सगळ्यालाच धक्का बसतो, एक्स-रेत मात्र फक्त हाड दिसतं. "दुखणं राहिलंय" हे आजाराचं नाव नव्हे. ते नेमकं कुठल्या भागाचं आहे हे कळल्याशिवाय गोळी, इंजेक्शन, बूट, ऑपरेशन सगळं अंधारात दगड मारल्यासारखं होतं. म्हणून हा लेख औषधांपासून सुरू होत नाही, बोटापासून होतो.

आधी हे बघा, यात थांबायचं नाही

ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पाय लालभडक आणि गरम, पोटरी एकाएकी सुजून दुखणं, बोटं काळी-निळी पडणं, कालपर्यंत टेकत असलेला पाय आज अजिबात न टेकणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पोटरी सुजून सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तासाभराचाही उशीर नको, शिरेत झालेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते. मधुमेह असेल आणि पावलावर जखम असेल, तर ती दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. न दुखणं हीच तिथली धोक्याची खूण असते.

दुसरीकडं, काही गोष्टींना घाबरायचं कारण नाही. पहिलं वर्षभर संध्याकाळी पाय सुजणं, सकाळी आखडणं, पावसाळ्यात जरा जास्त ठणकणं हे मोठ्या मारानंतर होतंच. टाचेचं हाड फुटलेल्या माणसात दीड-दोन वर्षांपर्यंत हळूहळू सुधारणा होत राहते. तीन महिन्यांनंतरही दुखणं आहे तसंच राहिलं, किंवा कमी होऊन पुन्हा वाढायला लागलं, तर मात्र शोध सुरू करायचा.

दोन आठवडे बोटाचा नकाशा

एक शंभर पानी वही घ्या. रोज रात्री, जिथं सगळ्यात जास्त दुखलं तिथं पावलावर बॉलपेननं फुली मारा आणि मोबाईलवर फोटो काढा. वहीत चार गोष्टी लिहा: कधी दुखलं (उठल्यावर पहिल्या पावलाला, चालताना, दिवस मावळताना, का झोपेत), कसं दुखलं (ठणका, भगभग, करंट, सुन्नपणा), काय केल्यावर वाढलं, काय केल्यावर उतरलं. दुखण्याला दहापैकी किती गुण तेही लिहा. दोन आठवड्यांत फुल्या एकाच जागी जमायला लागतात, आणि ती जागा बरंच सांगून जाते.

माझं बोट बाहेरच्या घोट्याच्या खाली, जरा पुढं जायचं. अंगठा दाबला की तिथं एक खळगा लागतो, तिथंच. सपाट फरशीवर मी बरा चालायचो, पण गावाकडं बांधावरून किंवा खडीच्या वाटेनं चार पावलं टाकली की डोळ्यांत पाणी यायचं. हे सबटेलर सांध्याचं, म्हणजे टाचेचं हाड आणि त्यावरचं घोट्याचं हाड यांच्यामधल्या सांध्याचं दुखणं. पाऊल डावीकडं-उजवीकडं कलतं ते या सांध्यामुळं. टाच फुटताना सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभाग चिरला गेला, की वरून हाड जुळलं तरी आत झीज सुरू होते. त्याच जागेच्या जरा मागं, घोट्याला वळसा घालून जाणाऱ्या दोऱ्यांसारख्या स्नायूबंधांवर दुखत असेल, तर टाच जुळताना रुंद झाली आणि ते मध्ये चेपले, असंही असतं.

बोट पावलाच्या वरच्या बाजूला, मधोमध जात असेल, जिना चढताना आणि चवड्यावर जोर देताना कळ येत असेल, तर लिसफ्रँकची दुखापत डोक्यात ठेवा. पावलाच्या कमानीचे सांधे तिथं बांधलेले असतात. ही दुखापत "मुरगळलंय नुसतं" म्हणून सुटून जाते, कारण झोपून काढलेल्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतच नाही. मार लागला तेव्हा तळव्यावर काळानिळा डाग उठला होता का, ते आठवून बघा. उठला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

टाचेच्या बरोबर मध्ये, शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहिलं की दगड टोचल्यागत वाटणं, हे चरबीची गादी फाटल्याचं किंवा विरल्याचं लक्षण असू शकतं. सकाळची पहिली पाच-दहा पावलं जीवघेणी आणि मग सैल पडणं, हे तळव्याखालच्या जाड पडद्याचं (प्लांटर फॅशियाचं) दुखणं. टाक्यांच्या वणाजवळ टिचकी मारली आणि सणकन करंट बोटांपर्यंत गेला, तर नस अडकली किंवा दुखावली आहे. बुटाची कड लागते तिथंच दुखतं, बोटाला कडक काहीतरी लागतं, थंडीत जास्त होतं, तर प्लेट-स्क्रूकडं बघायचं. घोट्याच्या आत खोल दुखत असेल आणि मूळ मार घोट्याच्या हाडाला असेल, तर त्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते सुकत नाही ना हे तपासावं लागतं.

काहींना बोटानं दाखवताच येत नाही. ते तळहात फिरवतात, "इथनं तिथपर्यंत सगळंच". पाय कधी लाल, कधी जांभळा, दुसऱ्यापेक्षा गरम किंवा गार, घाम वेगळा, नखं-केस वेगळे, आणि चादर लागली तरी आग. याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम) म्हणतात. मार बरा होतो, पण मज्जासंस्थेची धोक्याची घंटा वाजतच राहते. हे ओळखायला एकच अशी रक्तचाचणी किंवा स्कॅन नाही, अनुभवी डॉक्टर लक्षणांवरून ओळखतात. यात वेळ दवडू नका. लवकर सुरू केलेल्या उपचारांचा गुण जास्त येतो. आणि घरच्यांना हात जोडून सांगतो, "नाटकं करतोय" असं त्या माणसाला म्हणू नका. त्याला खरंच तेवढं दुखत असतं.

तपासण्या, पण क्रमानं

जुने कागद आधी जमवा: डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, तारखेनुसार लावलेले सगळे एक्स-रे. कुठली प्लेट बसवली त्याचे स्टिकर फाइलला असतात, ते फेकू नका. पुढं प्लेट काढायची वेळ आली तर सर्जनला त्यावरूनच अवजारं मागवावी लागतात.

मग दोन्ही पायांवर उभं राहून, दोन्ही पावलांचा एक्स-रे. शरीराचं वजन पडल्यावर सांध्यातली फट आणि कमानीचं खचणं दिसतं, आणि चांगला पाय शेजारी असला की फरक डोळ्यांत भरतो. हाड खरंच जुळलंय का, सांध्यात पायरी (म्हणजे पृष्ठभाग वरखाली) राहिलीय का, हे बघायला सीटी स्कॅन. स्नायूबंध, कूर्चा आणि हाडाच्या रक्तपुरवठ्यासाठी एमआरआय. आमच्याकडं पेशंटच "साहेब, एमआरआय काढूया की" म्हणून मागं लागतो. पण पायात धातू असेल तर त्या भागाचं चित्र विस्कटतं, आणि हाडाच्या प्रश्नाला सीटी जास्त सरळ उत्तर देतो. करंट-सुन्नपणा असेल तर नसांची तपासणी. रक्तात ईएसआर, सीआरपी (आत दडलेल्या जंतुसंसर्गासाठी), साखर आणि ड जीवनसत्त्व.

सगळ्यात उपयोगी तपासणी मला वाटते ती भूल देऊन बघण्याची. ज्या सांध्यावर संशय आहे, त्यातच सोनोग्राफी किंवा एक्स-रे मशीनखाली बघून भुलीचं औषध टोचतात. दुखणं काही तासांसाठी गेलं, तर गुन्हेगार सापडला. माझ्या खळग्यात सुई गेली आणि अर्ध्या तासात मी कोल्हापुरातल्या बिंदू चौकातून महाद्वार रोडपर्यंत चालत गेलो. बायको मागून ओरडत होती, "अहो, जरा सावकाश!" चौदा महिन्यांत मी असं चाललो नव्हतो. संध्याकाळी दुखणं परत आलं, पण आता त्याला पत्ता होता.

कोल्हापुरात सुरुवात कुठून करायची असं विचाराल, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडंच, ही वही घेऊन. समाधान झालं नाही तर दुसरं मत घ्यायला लाजू नका, त्यात कुणाचा अपमान नाही. पैशाची अडचण असेल तर दसरा चौकाजवळचं सीपीआर आहेच. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं ते रुग्णालय. हाडांच्या ओपीडीला सकाळी लवकर नंबर लावा. केस गुंतागुंतीची असेल तर "फक्त पाऊल आणि घोटा बघणारे सर्जन" पुण्या-मुंबईत कोण आहेत हे आपल्याच डॉक्टरांना विचारा. कागद नीट असतील तर एका फेरीत काम होतं.

पायात काय घालता, हा पहिला उपचार

हे वाचून कोल्हापूरकराला वाईट वाटेल, मलाही वाटलं होतं. २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली कोल्हापुरी चप्पल दुखऱ्या पायाला सोसत नाही. तिचं कातडं, तिची शिलाई, तिचा टिकाऊपणा याबद्दल वादच नाही. पण तळ सपाट आणि कडक, टाचेला मागून धर नाही, आणि चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आवळून धरावी लागतात. सुन्न पायाला अंगठ्याचा पट्टा घासून जखम झाली तरी कळत नाही. पाय बरा होईपर्यंत ती खुंटीला राहू दे.

काय घालायचं ते दुखण्याच्या जागेवर ठरतं. मधल्या पावलाचं किंवा सांध्याच्या झिजेचं दुखणं असेल तर तळ वाकणार नाही असा कडक, आणि पुढून डुलत्या खुर्चीच्या पायासारखा वर वळलेला बूट. याला रॉकर सोल म्हणतात. पाऊल वाकण्याऐवजी बूटच पुढं लोळतो. टाचेची गादी गेली असेल तर कडांनी उंच असलेला सिलिकॉनचा हील कप, जो उरलेली चरबी टाचेखाली गोळा करून धरतो. टाच रुंद झाली असेल तर एक माप रुंद बूट. घोट्याला कलू न देणारा, लेस बांधायचा उंच बूट सबटेलरच्या दुखण्याला फार मदत करतो.

तयार रॉकर बूट महाग पडतात. मी चप्पल लाईनमधल्या एका कारागिराकडं माझा साधा स्पोर्ट शू नेला. त्यांनी तो हातात घेऊन चवड्याजवळ वाकवून पाहिला, मग मला अनवाणी कागदावर उभं करून पेन्सिलीनं पाऊल काढून घेतलं, आणि तळाला रबराचा थर चिकटवून पुढची कड कानशीनं घासत घासत गोल केली. दोनदा घालून चालायला लावलं, दोनदा परत घासलं. फिजिओथेरपिस्टनं लिहून दिलेली उंची त्यांच्या बोटांना बरोबर कळली होती. ऑर्थोटिस्टची (पायाचे आधार, खास बूट ठरवून देणाऱ्या तज्ज्ञाची) चिठ्ठी आणि आपला कारागीर ही जोडी जमली तर हजारो रुपये वाचतात.

घरातही अनवाणी नको, मऊ तळाची चप्पल घराच्या आत वेगळी ठेवा. आणि काठी घ्यायची तर चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. दहातले आठ जण दुखऱ्या बाजूला धरताना दिसतात, त्यानं भार उतरत नाही.

व्यायाम, आणि वस्तादांचं तेल

कोल्हापुरात पाय दुखतो म्हटलं की कुणीतरी तालमीतल्या वस्तादांकडं नेतंच. "रगडून घेऊया की, चार दिवसांत मोकळा होईल." स्नायू आखडला असेल तर त्यांच्या हाताला गुण आहे, हे मी अनुभवानं सांगतो. पण मोडलेल्या पावलाचा आखडलेला सांधा झटका देऊन "मोकळा" करायचा नसतो. प्लेटवर रगडायचं नसतं. सुन्न पायाला गरम विटेचा शेक दिला तर भाजून फोड येतो आणि कळत नाही. हाडवैद्याचा घट्ट लेप-पट्टा सुजलेल्या पायावर तर अजिबात नको.

फिजिओथेरपी म्हणजे नुसतं मशीन लावणं नव्हे. शेक आणि करंट घेऊन घरी येत असाल आणि कुणी पाय हलवायला शिकवत नसेल, तर जागा बदला. पोटरीचा ताण, घोट्याच्या चारी दिशांच्या हालचाली, जमिनीवरचा टॉवेल बोटांनी गोळा करणं, भिंत धरून टाचा उचलणं, एका पायावर तोल. वण सुकल्यावर त्यावर रोज पाच मिनिटं तेलाचं बोट फिरवून कातडी सैल ठेवणं. मला व्यायाम शिकवणाऱ्या तरुण फिजिओथेरपिस्टनं एक नियम दिला होता, "काका, व्यायाम करताना दहापैकी चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण उद्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर उद्याचा डोस निम्मा." यामुळं दोन चुका टळतात: एका चांगल्या दिवशी रंकाळ्याला पूर्ण फेरी मारून चार दिवस पडून राहणं, आणि भीतीनं पायच न टेकणं.

सीआरपीएस असेल तर क्रम वेगळा. आधी पायाला स्पर्शाची सवय: कापूस, मग मलमल, मग टॉवेल, मग परातीत तांदूळ घेऊन त्यात पाऊल फिरवायचं. दिवसातून चार-पाच वेळा, दोन-दोन मिनिटं. दोन पायांमध्ये आरसा उभा ठेवून चांगल्या पायाची हालचाल बघायची, म्हणजे मेंदूला दुखरा पाय सहज हलताना दिसतो. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण हा मान्यता असलेला उपचार आहे. पाय गुंडाळून जपून ठेवणं हे यात सगळ्यात वाईट.

औषधं

पॅरासिटॅमॉल, आणि वरून लावायचं डायक्लोफिनॅक जेल, इथून सुरुवात. सूज उतरवणाऱ्या पेनकिलर गोळ्या थोडे दिवस, जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून. बीपी, किडनी, आम्लपित्ताचा त्रास असेल तर त्या महिनोन्महिने खाणं घातक आहे. मेडिकलमधून "ती पिवळी गोळी द्या" म्हणत वर्ष काढलेली माणसं मी पाहिलीत.

भगभग आणि करंटचं दुखणं मात्र या गोळ्यांना दाद देत नाही, कारण ते नसांचं असतं. त्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी औषधं असतात. चिठ्ठीवर किंवा गुगलवर "डिप्रेशनची" किंवा "फिटची गोळी" दिसली म्हणून दचकू नका. लहान डोसनं सुरू करतात, गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला झोप येते म्हणून गाडी जपून चालवा, आणि मनानं एकदम बंद करू नका. ट्रामाडॉल (जास्त जोराची पेनकिलर) यांच्यासोबत घ्यायचं तर डॉक्टरांना सगळ्या गोळ्या दाखवूनच.

नाव-गाव नसलेल्या "वेदनेच्या पुड्या" कितीही गुणकारी वाटल्या तरी नको. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, ते साखर वाढवतं आणि हाडं ठिसूळ करतं.

आणि तंबाखू. आपल्या भागात चुना-तंबाखू हातावर मळल्याशिवाय गप्पा रंगत नाहीत, घरात मिश्री असते. निकोटीन लहान रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळं हाड उशिरा जुळतं, जखम उशिरा भरते, आणि सांधा जोडायचं ऑपरेशन फसण्याची शक्यता वाढते. माझ्या सर्जननी तारीख द्यायच्या आधी तीन महिने तंबाखू सोडायला लावली. त्यांच्याकडून मला मिळालेली ही सगळ्यात मोठी मदत.

इंजेक्शन आणि ऑपरेशन

सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शननं काही आठवडे ते काही महिने आराम मिळतो. तेवढ्यात व्यायाम वाढवून घ्यायचा. ते वारंवार घ्यायचं नसतं. टाचेच्या गादीत दिलं तर ती आणखी विरते, मागच्या जाड स्नायूबंधात दिलं तर तो तुटू शकतो, आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस चढते. नसांच्या दुखण्यासाठी नर्व्ह ब्लॉक (नसेजवळ भुलीचं औषध टोचणं), सीआरपीएसमध्ये कमरेतून दिला जाणारा सिम्पथेटिक ब्लॉक, हे काम पेन क्लिनिकचे, बहुधा भूलतज्ज्ञ असलेले डॉक्टर करतात.

ऑपरेशनचा निर्णय जागा पक्की झाल्यावरच. प्लेट टोचत असेल तर हाड पूर्ण जुळल्यावर, साधारण वर्षानं, ती काढता येते. पण दुखणं प्लेटचं नसेल तर काढूनही राहील. अडकलेली नस सोडवता येते. रुंद टाचेचा बाहेरचा भाग तासून स्नायूबंध मोकळे करता येतात. न जुळलेल्या हाडात दुसरीकडचं हाड भरता येतं. झिजलेला सांधा कायमचा जोडून टाकता येतो. सीआरपीएस असताना पुन्हा सुरी लावणं शक्यतो टाळतात, कारण त्यानं आग भडकू शकते.

सर्जनना हे विचारा: माझं दुखणं नेमकं कशाचं आहे आणि ते तुम्ही कशावरून ठरवलं? ऑपरेशननं काय जाईल आणि काय राहील? पाय किती आठवडे टेकायचा नाही? नाही केलं तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा सर्जन मला विश्वासाचा वाटतो.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारा. भरती झाल्यावर धावपळ होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत काम करताना मार लागला असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल, तर अपघाताची नोंद झाली आहे ना ते आधी बघा. कामावरच्या अपघातानं आलेल्या तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या ९० टक्के भत्ता मिळतो. कायमचं अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरलं तर यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा.

मी सहा महिने बूट, व्यायाम आणि एक इंजेक्शन यावर काढले. बरंच कमी झालं, पण शेतात जाता येईना. जानेवारी २०१८ मध्ये सबटेलर सांधा जोडून घेतला, पुन्हा तीन महिने वॉकर. आज सपाट रस्त्यावर मला दुखत नाही, रात्री झोप लागते. पाऊल बाजूला कलत नाही, ते गेलं ते गेलंच. नांगरटीत मी चालत नाही, बांधावर उभा राहून बघतो. पंचगंगेच्या घाटावर उतरताना एक हात काठीवर आणि एक बायकोच्या खांद्यावर असतो, आणि पहिल्या पायरीवर ती अजूनही म्हणते, "अहो, जरा सावकाश."